डीएचसीपी हलवणं हे रविवारचं काम नाही

आमच्या धंद्यात काही कामांवर 'रविवारचं काम' असा शिक्काच बसलेला असतो. ऑफिस बंद, युजर घरी, कोणी फोन करणार नाही. दोन तासांत उरकायचं आणि सोमवारी सकाळी 'झालं' म्हणून मेल टाकायचा. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणं, एखादा स्विच बदलणं, बॅकअपची डिस्क बदलणं वगैरे. जुन्या सर्व्हरवरून डीएचसीपी नव्या सर्व्हरवर नेणं हेही या यादीत असतं. माझं म्हणणं असं की ते या यादीत नसावं. आणि हे मत हिंजवडीत एसीत बसून बनवलेलं नाही, बुलढाणा जिल्ह्यात जाऊन बनवलंय. नेटवर्कवाले नसाल तरी वाचा, फार अवघड काही नाहीये.

आधी थोडक्यात, डीएचसीपी म्हणजे काय. तुमचा कॉम्प्युटर सुरू होऊन नेटवर्कला लागला की त्याला स्वतःचा पत्ता माहीत नसतो. मग तो सरळ ओरडतो, "इथे कोणी पत्ता देतं का?" डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, "हा घे, १९२.१६८.१०.५७ मोकळा आहे." कॉम्प्युटर म्हणतो, "बरं, हाच द्या." सर्व्हर म्हणतो, "दिला, अमुक दिवसांसाठी." चार निरोप, संपलं. सेकंदाच्या आत होतं म्हणून कोणाला कळतही नाही. आपल्याला कळतं ते फक्त बंद पडल्यावर.

पूर्वी हे हातानं करायचे. ऑफिसात एक वही असायची, कोणत्या टेबलावर कोणता नंबर ते तिच्यात लिहिलेलं. ती वही हरवली की एकाच नंबरची दोन मशीन निघायची आणि दोन्ही धड चालायची नाहीत. १९८५ साली बूटपी नावाचा प्रकार आला, म्हणजे तीच वही पण सर्व्हरवर. १९९३ मध्ये त्यातून डीएचसीपी निघालं, आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेलं आरएफसी २१३१ आलं. घराघरातल्या वायफायपासून बँकांपर्यंत, आयपीच्या जुन्या म्हणजे चौथ्या आवृत्तीचे पत्ते आजही त्याच नियमांनी वाटले जातात. ज्या क्षेत्रात तीन वर्षांपूर्वीचं फ्रेमवर्क म्हातारं ठरतं त्यात हे म्हणजे आजोबाच.

या आजोबांनी आणलेली खरी नवी गोष्ट म्हणजे लीज. भाडेपट्टा म्हणा. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीनं मिळतो.

हे नीट कळायला पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची. बुलढाण्याला ४४३००१ मिळाला, खामगावला ४४४३०३. (एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांचे पहिले तीन आकडेसुद्धा वेगळे, पण तो वाद आज नको.) पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते आकडे त्या गावांना चिकटलेत. डीएचसीपीचा पत्ता तसा नाही. तो लॉजच्या खोलीसारखा आहे. मुदत संपायच्या आत काउंटरवर जाऊन वाढवून घ्यावी लागते.

आणि सगळी गंमत त्या मुदतीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुम्ही काही बदललं नाही तर लीज ८ दिवसांची असते. निम्मी मुदत झाली, म्हणजे ४ दिवस, की कॉम्प्युटर ज्या सर्व्हरनं पत्ता दिला त्यालाच गाठून "वाढवा" म्हणतो. उत्तर आलं नाही तर गप्प बसतो, अधूनमधून विचारत राहतो. साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत संपली, म्हणजे सातवा दिवस, की कोणताही सर्व्हर चालेल म्हणून पुन्हा सगळ्यांना ओरडून विचारतो. तरीही कोणी बोललं नाही तर आठव्या दिवशी पत्ता सोडतो. कॉम्प्युटर रोज बंद-चालू होत असेल तर रोज सकाळी सुरू होताना तो मुदत वाढवून घेतोच. आणि त्या वेळी सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर विंडोज काय करतं? गेटवेला हाक मारून बघतं. गेटवे बोलला की समजतं, आपण जुन्याच जागी आहोत, मुदत शिल्लक आहे, चालू द्या.

म्हणजे नीट बघा. डीएचसीपी सर्व्हर रविवारी मेला तरी सोमवारी बहुतेक मशीन व्यवस्थित चालतात. रविवारी काम करणाऱ्याला जी शाबासकी मिळते ती जुन्या सर्व्हरनं आधीच देऊन ठेवलेल्या मुदतीची असते.

आता बुलढाण्याकडे येतो. जिल्ह्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन जिल्हे एकाच जिल्ह्यात आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली, रेल्वे तिथेच. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावर, तिथे रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इतकी जुनी आहे की माझ्या आजोबांनीही ती ऐकली होती. मी घाटाखालचा. इंजिनीअरिंग शेगावला केलं आणि बाकी सगळ्यांसारखा पुण्याला गेलो. माझा मामेभाऊ घाटावरच्या एका तालुक्यात एका शिक्षणसंस्थेत क्लार्क आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, गरजही नाही.

त्यांचा सर्व्हर विंडोज २०१२ आर२ चा. त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १० ऑक्टोबर २०२३ ला बंद केला, त्यामुळे आज ना उद्या हलवायचाच होता. संस्थेनं पुण्यातल्या एका कंपनीला काम दिलं. त्यांनी एका रविवारी रिमोटनं येऊन केलं. जुन्यावरून सगळं एक्स्पोर्ट, नव्यावर इम्पोर्ट, नव्याला अधिकृत करणं, जुना बंद. मुख्य इमारतीतल्या एका मशीनवर पत्ता मिळतोय हे बघितलं, तिकीट बंद. संध्याकाळी चारच्या आत.

सोमवारी सगळं छान. समोरच्या दुसऱ्या इमारतीत एक जुनं मशीन नेटला लागेना, पण ते महिनाभर बंदच होतं, त्यामुळे ते मशीनच बिघडलंय असं ठरलं. बुधवारी दोन गेली. गुरुवारी तीन. प्रत्येकावर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता, म्हणजे विंडोजनं कंटाळून स्वतःच स्वतःला दिलेला कामचलाऊ नंबर. तो दिसला की समजायचं, पत्ता देणारं कोणी भेटलेलं नाही. गावातल्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्यानं वायरी बदलल्या, एक स्विच बदलला, दोन मशीन फॉरमॅट केली. फॉरमॅट! त्यानं काय होणार होतं? पण त्याचीही चूक म्हणवत नाही. रोज वेगवेगळी मशीन जातात म्हटल्यावर कोणालाही व्हायरसच आठवेल.

गुरुवारी रात्री दादाचा फोन आला. "अरे, त्याच बिल्डिंगमध्ये स्कॉलरशिपचं काम चालतं. महाडीबीटीचे फॉर्म तिथंच तपासतो आम्ही. मंगळवारी शेवटची तारीख. रोज एक-दोन मशीन मरून राह्यलं. काय करू?"

मी त्याला एकच विचारलं, सर्व्हर कधी बदलला? म्हणाला, त्याचा काय संबंध, तो तर रविवारीच झाला आणि सोमवारी सगळं चालू होतं.

हेच ते. या वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. रविवारी केलेल्या कामाची बोंब गुरुवारी झाली की दोन्हींचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. पुण्याच्या कंपनीच्याही आला नव्हता. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की तिकीट बंद आहे, नवीन टाका.

मी दादाला हिशेब सांगितला. जी मशीन मागच्या मंगळवारी शेवटची सुरू झाली होती ती या बुधवारी जाणार. जी बुधवारी, ती गुरुवारी. आणि शनिवारी संस्था चालू असते, त्यामुळे बहुतेक मशीन शनिवारी सकाळी सुरू झालेली. त्यांचे आठ दिवस रविवारी भरतात. म्हणजे येत्या सोमवारी सकाळी त्या इमारतीतलं एकही मशीन चालणार नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. खेड्यांतून एसटीनं आलेली पोरं, हातात जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, आणि समोर सगळी मशीन मेलेली. फॉर्म वेळेत पुढे सरकला नाही तर वर्षाची शिष्यवृत्ती लटकते. हे डेटा सेंटरमधल्या डाउनटाइमपेक्षा कमी गंभीर आहे असं मला वाटत नाही.

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. शनिवारी सकाळी दुरुस्ती झाली, आणि दुरुस्ती होती एका ओळीची. दुसरी इमारत वेगळ्या नेटवर्कवर होती. डीएचसीपीची ती सुरुवातीची ओरड आपल्या नेटवर्कच्या बाहेर ऐकू जात नाही, म्हणून मधल्या स्विचला सांगून ठेवावं लागतं की ही हाक अमुक सर्व्हरपर्यंत पोचव. याला रिले म्हणतात. सिस्कोच्या स्विचवर 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' अशी ती ओळ असते. त्या ओळीत अजून जुन्याच सर्व्हरचा पत्ता होता. सर्व्हर हलवणाऱ्यानं सर्व्हर हलवला, स्विच त्याच्या कामात नव्हता. ओळ बदलली आणि पाच मिनिटांत मशीन एकेक करून परत आली.

इथेच थांबलो असतो तर हा लेख 'रिले विसरू नका' एवढाच झाला असता. पण दिवस हातात होता, म्हणून मी तिथल्या जुन्या लॅब असिस्टंट काकांना घेऊन पूर्ण कॅम्पस फिरलो. आणि तिथे जे कळलं ते कुठल्याच एक्स्पोर्ट फाइलमध्ये नव्हतं.

उदाहरणार्थ, काकांचा एक नियम आहे: लाइट गेली आणि परत आली की पाच-दहा मिनिटं कोणीही कॉम्प्युटर लावायचा नाही. पोरं हसतात. मी काकांना विचारलं, काहून? म्हणाले, "लगेच लावला का नेट येत नाही भाऊ. थोडं थांबलं का येते. काहून ते मले नाही माहीत." आता कारण बघा. लाइट आली की पन्नास मशीन एकदम सुरू होतात, एका मिनिटात तयार होतात आणि पत्ता मागतात. सर्व्हर बिचारा अजून उठतोच आहे. ज्यांची मुदत शिल्लक आहे ती निभावतात, बाकीची १६९.२५४ घेऊन बसतात, आणि विंडोज पुन्हा विचारतं साधारण पाच मिनिटांनी. काकांनी लोडशेडिंगच्या काळापासून बघून बघून जो आकडा काढलाय तो बरोबर निघतो! आणि नवा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन आहे, म्हणजे आधी होस्ट उठणार, मग तो. त्याला जुन्यापेक्षा जास्तच वेळ लागतो. हे कंपनीनं कोणाला सांगितलं? कोणालाच नाही, कारण त्यांच्या ऑफिसात लाइट जात नाही. यूपीएसला सर्व्हरबरोबर स्विच पण जोडायला सांगून आलो.

दुसरी गोष्ट रिझर्व्हेशनची. काही यंत्रांना दर वेळी तोच पत्ता हवा असतो: प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर. सर्व्हरमध्ये त्यांच्या नावानं पत्ता राखून ठेवलेला असतो. जुन्या सर्व्हरवर अशा ३१ नोंदी होत्या. नावं वाचा: 'टेंप', 'टेंप२', 'नवीन प्रिंटर', 'नवीन प्रिंटर (खरा)', 'सर'. कोणते सर? तीन सर बदलले तेव्हापासून. इम्पोर्ट केलं की हे सगळं जसंच्या तसं नव्या घरात येतं, अडगळीसकट. आणि न तपासता काढून टाकलं तर? मी अकाउंट्समधल्या प्रिंटरकडे बोट दाखवलं तसे काका म्हणाले, "त्याले हात नोका लावू. त्याचा नंबर बदलला का पगारपत्रक निघत नाही." पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी कधीकाळी तो नंबर थेट लिहून ठेवलाय, आणि लिहिणारा आता कुठे आहे कोणाला माहीत नाही. ही माहिती सर्व्हरमध्ये नव्हती, कागदावर नव्हती, फक्त काकांकडे होती. काका दोन वर्षांत रिटायर होतात.

मग हे काम करावं कसं? मला जे पटतं ते सांगतो. हलवायच्या किमान आठ-दहा दिवस आधी जुन्या सर्व्हरवर लीजची मुदत ८ दिवसांवरून काही तासांवर आणा. आधी एवढ्यासाठी, की ज्यांच्याकडे जुनी लांब मुदत आहे त्यांना नवी मुदत पुढच्या वाढीच्या वेळीच कळते. मुदत छोटी केली की फायदा असा की काही चुकलं असेल तर ते त्याच दिवशी चुकतं, तुम्ही तिथे असताना. रिलेमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता आधीच टाकून ठेवा, एकाहून जास्त पत्ते चालतात. शक्य असेल तर नव्या सर्व्हरला जुन्याचाच आयपी द्या, अर्ध्या भानगडी मिटतात. एक्स्पोर्ट करताना लीजही बरोबर घ्या, नाहीतर नवा सर्व्हर कोरी पाटी घेऊन बसतो आणि आधीच वापरात असलेला पत्ता दुसऱ्याला देऊन टाकतो. देण्याआधी त्या पत्त्याला हाक मारून बघायची सोय विंडोजच्या सर्व्हरमध्ये आहे, ती मुळात बंद असते, काही दिवस चालू ठेवा. आणि दिवस कामाचा निवडा. हो, कामाचा! मंगळवार सकाळ. लोक जागेवर असताना, प्रत्येक इमारतीत एक मशीन बंद-चालू करून बघत. सगळं स्थिर झालं की मुदत परत वाढवा.

आणि तिकीट एक पूर्ण लीज उलटेपर्यंत बंद करायचं नाही. पुरवठादाराशी करार करताना एवढं एक वाक्य घाला, बाकी काही नाही घातलं तरी चालेल.

माझ्या टीममधले मित्र म्हणतात, पन्नास मशीनसाठी विंडोज सर्व्हर कशाला, फायरवॉललाच डीएचसीपी लावून द्यायचं. खरं आहे, बऱ्याच ठिकाणी तेच योग्य. पण फायरवॉलवर नेणं म्हणजेही हलवणंच, मुदतीचा हिशेब तोच. लिनक्सवाल्यांनी हसू नये. आयएससीचा जुना डीएचसीपी सर्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांनाही, २०२२ अखेर त्याची देखभाल थांबल्यावर, कीयाकडे जायचंच आहे.

मला खरा आक्षेप घ्यायचाय तो रिमोटवर नाही, रिमोटनं करून तिथे कोणालाच न सांगण्यावर. आम्ही शेगावातून, चिखलीतून शिकून बाहेर पडलो आणि पुण्यात बसून आपल्याच जिल्ह्यातले सर्व्हर रिमोटनं हलवतो. ठीक आहे, पोट आहे. पण ज्या ऑफिसात ते मशीन आहे तिथल्या एका माणसाला तरी लीज म्हणजे काय, १६९.२५४ दिसलं तर काय समजायचं, स्विचचा पासवर्ड कोणत्या पाकिटात आहे, हे माहीत असायला नको? तासाभराचं काम आहे. कोटेशनमध्ये त्याला ओळ नसते म्हणून होत नाही. दादा बी.कॉम. आहे, त्याला सगळं तासाभरात समजलं. परवा त्यानं स्वतःहून एका लॅपटॉपची तक्रार ऐकून सांगितलं की याचा वायफायचा स्कोप भरलाय, मुदत कमी करू का. मी म्हटलं, कर.

सोमवारी मशीन चालली, मंगळवारी रात्री साडेनऊपर्यंत फॉर्म तपासणं चालू होतं, दादाचा मेसेज आला. ३१ पैकी १९ नोंदी आम्ही दोघांनी मिळून काढून टाकल्या, उरलेल्या ११ यंत्रांवर काकांनी मार्करनं नंबर लिहिले. राहिली एक. 'टेंप२'. मॅक ॲड्रेसवरून बनवणारी कंपनी कळली, पण ते नेमकं कुठे आहे हे काकांनाही सांगता आलं नाही. लीज मात्र ते नियमानं वाढवून घेतंय, काल बघितलं तेव्हाही घेतली होती. ती नोंद तशीच ठेवलीय.